ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचे? दौलतजादा, उचल आणि वर्गणी

प्रचलित समज

कोणत्याही कंपनीशी बांधील नसलेल्या स्वतंत्र बँडने, गायनपार्टीने किंवा जलशाच्या संचाने आपली गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी पैसा कोठून आणावा, या प्रश्नाचे उत्तर हल्ली फार सहजपणे दिले जाते. गाणे चांगले असले की ते मोबाइलवरून लोकांपर्यंत पोहोचेल, पोहोचले की चाहते तयार होतील आणि चाहते तयार झाले की ते आपखुशीने हातभार लावतील, असे हे उत्तर आहे. त्याच्या मुळाशी एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की रसिकांचा आधार ही औदार्याची बाब आहे. या गृहीतकामुळे कलावंताला मागताना संकोच वाटतो, रसिक दिल्यावर विसरून जातो, आणि तयार झालेल्या ध्वनिमुद्रणाचा मालक कोण, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. रसिकांच्या पैशातून ध्वनिमुद्रण करणे हा मालकीचा आणि हिशेबाचा व्यवहार आहे, आणि त्याची रीत बीड जिल्ह्यातील गावांना परदेशातून उसनी आणण्याचे कारण नाही, कारण 'वर्गणी' या नावाने ती तेथे कित्येक पिढ्या नांदत आली आहे. उणीव इतकीच की ही वर्गणी आजवर कार्यक्रमाच्या रात्रीसाठी गोळा झाली. ती रात्र सरल्यावर मागे उरणाऱ्या मुद्रणासाठी झाली नाही. रात्र गावाची राहिली आणि कॅसेट दुसऱ्याची झाली.

1. पैशाचे तीन प्रकार

बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, बिंदुसरा प्रकल्पाजवळ वसलेल्या पालीसारख्या गावात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाच्या ओळखीचे पैशाचे तीन प्रकार आहेत. ते एकमेकांपासून वेगळे काढल्याशिवाय पुढचा विचार होऊ शकत नाही.

पहिला प्रकार दौलतजादा. तमाशाच्या फडावर रंगात आलेल्या प्रेक्षकाने नोट पुढे करावी, त्याचे नाव पुकारले जावे आणि गाणे पुन्हा सुरू व्हावे, ही तिची मूळ रीत. कव्वालीच्या आणि भीमगीतांच्या कार्यक्रमांतही मंचावर जाऊन नोट देण्याची पद्धत रुळलेली आहे. हा पैसा खरा असतो, अनेकदा मनापासूनचा असतो, पण तो त्या क्षणाचा असतो. तो किती येईल हे सांगता येत नाही, आणि आलाच तर कशासाठी आला हेही ठरलेले नसते, त्यामुळे त्या रात्रीच्या भाकरीपलीकडे त्यावर काही उभारता येत नाही. समाजमाध्यमांवर एखादे गाणे गाजल्यावर खाली क्यूआर कोड लावून जो पैसा येतो तो स्वभावाने दौलतजादाच आहे. साधन तेवढे बदलले.

दुसरा प्रकार उचल. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा असल्याने हा शब्द तेथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. हंगामाआधी मुकादमाकडून रक्कम घ्यायची आणि कारखान्याच्या फडात ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बांधून घ्यायचे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो, आणि सारी उचल त्या कोयत्याच्या नावावर चढते. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातील आगाऊ रक्कम याच जातीची असते. कंपनी स्टुडिओचा खर्च करते, कलावंताला काही रक्कम हातावर देते आणि ती त्याच्या पुढच्या मानधनातून वळती करते. उचलीपेक्षा येथे एक गोष्ट अधिक वाईट आहे. ऊसतोड मजुराची उचल फिटली म्हणजे तो मोकळा होतो. कलावंताची रक्कम फिटली तरी मुद्रण कंपनीचेच राहते. 1980च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, लहान-मोठ्या कंपन्या निघाल्या, आणि 14 एप्रिलला व 6 डिसेंबरला भीमगीतांच्या कॅसेटी रस्त्यावर मांडून विकल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्रातील लोकगायकांचा आवाज घराघरांत पोहोचण्यात या काळाचा वाटा मोठा आहे आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. पण तो आवाज ज्या फितीवर होता ती फीत गायकाची नव्हती, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

तिसरा प्रकार वर्गणी. हरिनाम सप्ताहाची वर्गणी घराप्रमाणे किंवा जमिनीप्रमाणे ठरते. ती रोख येते, तशीच धान्याच्याही रूपात येते. देवळापुढच्या फळ्यावर खडूने नावे चढतात, कोणाचे पाचशे रुपये, कोणाचा गव्हाचा कट्टा, कोणाचा तेलाचा डबा. काल्याचे कीर्तन झाले की जमा किती, खर्च किती आणि शिल्लक किती हे सर्वांसमोर वाचले जाते. वर्गणीचे तीन गुण येथे दिसतात. रक्कम आधी ठरते, हेतू आधी ठरतो आणि हिशेब नंतर उघड होतो. दौलतजादेत यातले एकही नाही. उचलीत पहिले दोन आहेत, पण हिशेब मुकादमाच्या वहीत असतो.

मराठी भाषेने एक सूक्ष्म गोष्ट फार पूर्वीच नोंदवून ठेवली आहे. उत्सवाला पैसे देणारा तो वर्गणीदार, आणि नियतकालिकाचे वर्षभराचे अंक आगाऊ पैसे भरून घेणारा तोही वर्गणीदारच. एक सामुदायिक कार्यात वाटा उचलतो, दुसरा अजून छापल्या न गेलेल्या वस्तूची किंमत आधी देतो. ध्वनिमुद्रणासाठी रसिकांनी द्यावयाच्या पैशात या दोन्ही अर्थांचा मिलाफ हवा.

2. आगाऊ वर्गणीचा महाराष्ट्रातील अनुभव

ही रीत केवळ देवळापुरती राहिलेली नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे प्रचंड काम हाती घेतले तेव्हा त्यांच्या पाठीशी संस्थानिक किंवा सरकार उभे नव्हते. त्यांनी मर्यादित कंपनी काढली, समभाग विकले आणि आगाऊ वर्गणीदार नोंदवले, आणि 1920च्या दशकात 23 खंडांचा कोश मराठीत उभा राहिला. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना 1908 मध्ये सुरू झाला तो, नावाप्रमाणेच, माणसामागे एक पैसा मागण्याच्या कल्पनेतून. ग्रंथाली या वाचक चळवळीने 1970च्या दशकात सभासदांच्या बळावर पुस्तके काढली. दया पवारांचे 'बलुतं' 1978 मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 मध्ये याच मार्गाने वाचकांच्या हाती आले. अनोळखी जगाबद्दलची ही पुस्तके बाजाराच्या अंदाजावर अवलंबून राहिली असती तर ती इतक्या सहज निघाली असती का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

चित्रपटाच्या क्षेत्रात गुजरातमधील दूध उत्पादक शेतकऱ्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. श्याम बेनेगल यांचा 1976चा 'मंथन' हा चित्रपट पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला, आणि त्याच्या पटकथेत विजय तेंडुलकरांचा हात होता. त्या दोन रुपयांमागे गावोगावच्या दूध संस्थांचे जाळे उभे होते. रोज दूध घालणाऱ्या माणसाच्या हिशेबातून ती रक्कम वळती करता येत होती, म्हणजे विश्वास आणि वसुलीची व्यवस्था चित्रपटाआधीच तयार होती. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

3. परदेशी प्रयोगांचा खरा धडा

ज्याला इंग्रजी जगात क्राउडफंडिंग म्हणजे लोकसमूहाकडून लहान लहान रकमांनी केलेली निधी-उभारणी म्हणतात, त्याची सुरुवात बहुधा मॅरिलियन या ब्रिटिश बँडपासून सांगितली जाते. 1997 मध्ये त्यांच्या अमेरिकन चाहत्यांनी दौऱ्याचा तोटा भरून काढण्यासाठी सुमारे 60,000 डॉलर जमवले. त्यातून धडा घेऊन बँडने 2001 मधील अल्बमसाठी, एकही सूर मुद्रित होण्यापूर्वी, चाहत्यांकडून आगाऊ मागणी नोंदवली आणि बारा हजारांहून अधिक प्रतींचे पैसे आधीच हाती आले. 2004च्या अल्बमसोबतच्या पुस्तिकेत आगाऊ पैसे भरणाऱ्यांची नावे छापली गेली. देवळापुढचा फळा आणि ही पुस्तिका यांच्यात तत्त्वतः काय फरक आहे? अमांडा पामर या गायिकेने 2012 मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावरून सुमारे 12 लाख डॉलर उभे केले, त्याचा गवगवा खूप झाला. पण तिच्या मागे जवळजवळ 25,000 माणसे होती आणि ती बरीच वर्षे लहान लहान कार्यक्रमांतून जोडलेली होती, हे सांगताना विसरले जाते.

याउलट 2009 मध्ये सुरू झालेले प्लेजम्युझिक हे ब्रिटिश संकेतस्थळ 2019 मध्ये कोसळले, आणि चाहत्यांनी कलावंतांसाठी भरलेले पैसे अनेक कलावंतांपर्यंत पोहोचलेच नाहीत. गाणीही होती आणि चाहतेही होते. तिजोरी मात्र तिसऱ्याच्या हाती होती. बीड जिल्ह्यात या घटनेचा अर्थ वेगळा समजावण्याची गरज नाही. गेल्या काही वर्षांत पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींनी तेथील हजारो कुटुंबांना जे दाखवले आहे, त्यानंतर 'पैसे भरा, नंतर मिळेल' या वाक्यावर कोणी विश्वास ठेवावा अशी अपेक्षाच चुकीची ठरेल. म्हणून तेथील संचाने रसिकांपुढे जाताना आपले गाणे नंतर आणि आपला हिशेब आधी मांडला पाहिजे.

4. मालकीचा कायदा

भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 नुसार ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक त्याचा निर्माता असतो, आणि निर्माता म्हणजे ते मुद्रण करण्यात ज्याने पुढाकार घेतला व जबाबदारी उचलली तो. हा हक्क मुद्रण प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे टिकतो. गीत, चाल आणि मुद्रण या तीन वेगवेगळ्या मालमत्ता आहेत, हे बहुतेक कलावंतांना कळते तेव्हा उशीर झालेला असतो. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील वाटा काही प्रमाणात सुरक्षित केला, पण मूळ मुद्रणाची मालकी पैसा आणि पुढाकार यांच्या मागेच जाते.

रसिकांच्या वर्गणीचे महत्त्व येथे आहे. रसिक मालक होत नाहीत, कारण पुढाकार संचाचा असतो. आणि तरीही कंपनी मालक होत नाही, कारण खर्च तिने केलेला नसतो. पाचशे रुपये देणारा माणूस 60 वर्षांची मालकी कलावंताच्या घरात ठेवायला मदत करतो. हे दान म्हणून सांगितले तर त्याची किंमत कमी होते.

एक सावधगिरी येथे अत्यावश्यक आहे. रसिकांना नफ्यात वाटा देण्याचे आश्वासन कधीही देऊ नये. असे आश्वासन दिले की वर्गणीचे रूप गुंतवणुकीचे किंवा ठेवीचे होते, आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या 2019च्या कायद्यासह कडक नियमांची चौकट लागू होण्याचा धोका उभा राहतो. आश्वासन वस्तूचे असावे: गाण्यांची प्रत, कार्यक्रमाचे आसन, पुस्तिकेत नाव. संचातील सभासदांमध्येही मालकीचे वाटप लेखी हवे, नाहीतर मित्रांनी उभी केलेली वस्तू भाऊबंदकीच्या वाटेने जाते.

5. खर्च नेमका कशाचा

आता मोबाइलवर मुद्रण होते, घरी संगणकावर मिश्रण होते, मग पैसा कशाला, असा आक्षेप हमखास येतो. तो यंत्राकडे पाहतो, माणसाकडे पाहत नाही. हलगीचे उदाहरण घ्यावे. हलगीचे कातडे विस्तवावर तापवल्याशिवाय बोलत नाही. जाळावर धरून, बोटाने टिचकी मारून, स्वर चढल्याची खात्री करूनच वादक ती कमरेशी घेतो. वातानुकूलित खोलीत ती लवकर उतरते, मग वादन थांबवावे लागते, बाहेर जाऊन कागद किंवा काटक्या पेटवून ती पुन्हा तापवावी लागते, आणि पुढचा तुकडा मागच्या तुकड्याच्या स्वराशी जुळेपर्यंत प्रयत्न करावे लागतात. स्टुडिओ तासावर किंवा शिफ्टवर मोजला जातो, त्यामुळे हा विस्तवाचा वेळही भाड्यात धरला जातो. ज्याला हे ठाऊक नाही तो चार तासांचा अंदाज बांधतो आणि दिवस संपला तरी एक गाणे पूर्ण होत नाही. किंवा मग हलगी काढून टाकून यंत्रातला तयार ठोका वापरला जातो. आज ऐकू येणाऱ्या अनेक गाण्यांतून जिवंत कातडे हरवले आहे त्याचे एक कारण हे असावे.

दुसरा खर्च बुडालेल्या रोजगाराचा. हलगी किंवा संबळ वाजवणारा बहुधा शेतमजुरी किंवा अन्य कष्टाचे काम करतो, आणि बीडला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाऊन मुद्रण करायचे म्हणजे त्याचे दोन-तीन दिवस जातात. हा रोज खर्चाच्या पहिल्या ओळीत लिहिला पाहिजे. तो सोडून उरलेला खर्च दाखवणे म्हणजे सर्वांत गरीब सभासदाला न विचारता सर्वांत मोठा वर्गणीदार करणे होय.

उदाहरणादाखल, सहा जणांच्या संचाला पाच गाण्यांसाठी सर्व मिळून 1,50,000 रुपये लागतील असे धरले, तर प्रत्येकी 500 रुपयांप्रमाणे 300 वर्गणीदार पुरतात असे वाटते. परंतु प्रत्येकाला द्यावयाची प्रत, पुस्तिका आणि टपाल यांवर 100 रुपये गेले, तर मुद्रणासाठी माणसामागे 400च उरतात आणि 375 वर्गणीदार लागतात. वरचे 75 कोठून येणार हे आधी ठरवले नाही, तर परतफेडीच्या वस्तूच मुद्रण खाऊन टाकतात.

6. चाहता मोजावा कसा

केव्हिन केली या अमेरिकन लेखकाने 2008 मध्ये 'हजार सच्चे चाहते' ही कल्पना मांडली: वर्षाला शंभर डॉलर खर्च करणारे हजार लोक असले की कलावंत जगू शकतो. ही कल्पना उपयोगी आहे, पण ती आकड्यापासून सुरू होते आणि नात्याला गृहीत धरते. 'मंथन'च्या उदाहरणात दूध संस्था आधी होती, दोन रुपये नंतर आले. पालीच्या परिसरातील संचासाठी दूध संस्थेची जागा घेणाऱ्या गोष्टी हाताशी आहेत: भजनी मंडळाचे वार, जयंती उत्सवाची समिती, महिला बचत गटांच्या बैठका, मांजरसुंब्याजवळच्या कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधीला कार्तिक पौर्णिमेला जाणाऱ्या दिंड्या, आणि कामासाठी पुण्या-पिंपरी-चिंचवडला गेलेली पण गावच्या वर्गणीत नाव चुकू न देणारी मंडळी. एखाद्या गाण्याला लाखभर लोकांनी पाहिले असेल, तरी त्यातील एकाचेही नाव आणि पत्ता संचाच्या वहीत नसेल तर वर्गणीसाठी तो आकडा शून्याच्या किमतीचा आहे. वहीत दोनशे नावे असतील तर कामाला सुरुवात करता येते.

2016 पासून यूपीआयमुळे पन्नास रुपयांची रक्कमही खर्चाशिवाय पाठवता येते, ही सोय मोठी आहे. पूर्वी मनिऑर्डरच्या खर्चाने लहान वर्गणी मारली जात असे. पण यूपीआयने पैसा येण्याची वाट सोपी केली. मागण्याचे काम अजूनही दारात जाऊनच करावे लागते.

7. आक्षेप आणि त्यांचा विचार

पहिला आक्षेप दारिद्र्याचा. दुष्काळ आणि स्थलांतर यांनी पिचलेल्या जिल्ह्यात गाण्यासाठी पैसे मागणे योग्य आहे काय? या आक्षेपातील कळकळ खरी आहे, पण तो गरिबाला रसिक मानत नाही. सप्ताहाचा आणि जयंतीचा खर्च याच माणसांनी उचलला आहे. प्रश्न वेळेचा आहे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणून वर्गणीची मोहीम जानेवारीत काढणे व्यर्थ आहे, आणि एप्रिल-मे हा तिचा काळ आहे. आणि रक्कम हप्त्याने घ्यायला काय हरकत आहे? धान्यही घ्यावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेसाठी मूठ मूठ धान्य मागितले, तेव्हा देणाऱ्याचा मान कमी झाला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जो पैसे देतो तो गाणेही ठरवू लागतो; रसिकांच्या जिवावर राहणारा संच नवे, कडवट, अप्रिय असे काही गाणार नाही. या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही. विशेषतः जेथे एखादा स्थानिक पुढारी एकदम पन्नास हजार देऊ करतो आणि बदल्यात फक्त मुखपृष्ठावर छायाचित्र मागतो, तेथे वर्गणीचे प्रायोजकत्व व्हायला क्षणाचाही वेळ लागत नाही. त्यावर एकच उपाय व्यवहारात टिकतो: एका माणसाकडून घ्यायच्या रकमेला वरची मर्यादा घालावी आणि ती फळ्यावर सर्वांत वर लिहावी. तीनशे जणांनी पाचशे दिले की त्यांतील एकाची नाराजी सोसता येते. तिघांनी पन्नास हजार दिले की एकाचीही सोसता येत नाही. गाणी कोणती असतील हे वर्गणीआधी जाहीर करावे, म्हणजे पसंत नसलेल्याने पैसे न देण्याचा मार्ग मोकळा राहतो आणि दिलेल्याला नंतर बोलण्याचा अधिकार उरत नाही.

तिसरा आक्षेप असा की हे काम शासनाचे आहे. शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते आणि ते दिलेच पाहिजे. पण ते मानधन कलावंताच्या उतारवयाचे आहे, त्याच्या भर उमेदीतील आवाजाचे नाही. अनुदानाची वाट पाहत आवाज थकतो, आणि थकलेला आवाज पुढे कोणत्याही योजनेतून परत मिळत नाही.

8. अपयशाची तरतूद

वर्गणी पूर्ण झाली नाही तर काय, याचे उत्तर मोहीम सुरू होण्याआधी लिहिले गेले पाहिजे, कारण विश्वासाची खरी कसोटी तेथेच लागते. ठरलेल्या तारखेपर्यंत ठरलेली रक्कम जमली नाही, तर एकतर पैसे परत करावेत किंवा पाचऐवजी जमेल तितकीच गाणी करण्यास प्रत्येक वर्गणीदाराची संमती घ्यावी. पैसे दोघांच्या सहीने चालणाऱ्या वेगळ्या खात्यात असावेत, संचाच्या दैनंदिन खर्चात मिसळू नयेत. बचत गटाच्या बायका दर महिन्याला वही उघडून जे करतात, तितक्याच साधेपणाने हे करता येते. रक्कम उरली तर ती पुढच्या मुद्रणाच्या नावावर टाकावी आणि तसे फळ्यावर लिहावे.

मुद्रण पूर्ण झाल्यावर, मूळ प्रतीच्या मालकीचा कागद, जमाखर्चाची वही आणि वर्गणीदारांच्या नावांची यादी या तिन्ही गोष्टी एकाच पेटीत, वाद्यांच्या शेजारी ठेवाव्यात. पुढे एखादी कंपनी ते गाणे चित्रपटासाठी किंवा जाहिरातीसाठी मागायला आली, तर तिच्यासमोर आधी ती पेटी उघडावी.